दाराची सुलट बाजू

एका कसब्यात केरोबा नावाचा शिंपी राहत होता. हाताचा कुशल आणि स्वभावाचा उतावळा. एखादी कल्पना डोक्यात शिरली की त्याला जेवण गोड लागत नसे, आणि कल्पना तर त्याच्या डोक्यात उठता-बसता शिरत. अंगरखा शिवावा तर केरोबानेच, असं पंचक्रोशीत म्हणत. बाहेरून टाका दिसेल तर शपथ. आतली शिवण मात्र तो कशीबशी आवरून घेई. त्याचं म्हणणं सरळ होतं. कापडाला एक सुलट बाजू असते आणि एक उलट. सुलट बाजू लोकांना दिसते, उलट बाजू नुसती अंगाला लागते. मग मेहनत कुठे करायची ते शहाण्याने ओळखावं.

केरोबाची बायको चिमाबाई. तिची चूल आणि त्याची कात्री, दोन्ही पहाटेपासून चालत. मुलगा शिवराम बापाच्याच हाताखाली तयार झालेला. पण जत्रेत त्याने नदीपलीकडच्या नारोशेट कापडवाल्यांची मनकर्णा पाहिली, आणि तेव्हापासून त्याची शिवण वाकडी जायला लागली. एकदा तर त्याने पाटलांच्या कुडत्याला दोन्ही डाव्या बाह्या लावल्या. केरोबाने काय ते ओळखलं आणि मध्यस्थामार्फत निरोप धाडला. चार दिवसांनी उत्तर आलं, ‘मुलगा पसंत आहे. येत्या सोमवारी घर पाहायला येतो.’

हे ऐकून केरोबा आनंदाने टुणकन उडाला, आणि लगेच घराकडे बघत मटकन खाली बसला. कारण घर पाहायला येणार होत्या राहीआत्या.

राहीआत्या म्हणजे नारोशेटांची थोरली बहीण. मनकर्णाची आई ती रांगती असतानाच गेली. आत्याने तिला लहानाचं मोठं केलं. त्यामुळे पोर कुठे द्यायची हे आत्याच ठरवणार, नारोशेट फक्त मान डोलावणार. आत्याने आजवर दोन चांगली स्थळं नाकारली होती. एका घरी भर उन्हाळ्यात रांजण रिकामा होता म्हणून, आणि दुसऱ्या घरी सासू थोरल्या सुनेला नावाने हाक न मारता नुसतं ‘ए’ म्हणत होती म्हणून.

केरोबा घरभर फिरला. पुढे ओसरीवर दुकान. आत माजघर. माजघरातून दोन दारं, एक स्वयंपाकघराचं आणि एक कोठीच्या खोलीचं. भिंतींना चुना एका दिवसात देता येईल. जमीन चिमाबाई सारवेल. पण ती दोन दारं? आंब्याच्या सपाट फळ्या जोडून कधीकाळी बसवलेली. ना नक्षी, ना रंग. तेलकट हातांचे डाग तेवढे भरपूर. पाहुण्यांना बसवायचं माजघरात, अगदी या दारांच्या समोर. दुसरं बघायला तिथे होतं काय?

तो धावत म्हादू सुताराकडे गेला. म्हादूने सागवानी नक्षीच्या दोन दारांची किंमत सांगितली. तेवढ्यात एक बैल आला असता. केरोबाने कपाळाचा घाम पुसला आणि परत फिरला. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे त्याला ठाऊक होतं. पण वाटेत वाण्याच्या दुकानामागे त्याला रिकामी खोकी पडलेली दिसली. पातळ, सरळ, हलक्या लाकडाची. केरोबा जागच्या जागी थबकला. पाटलांचा जुना कोट आला की तो काय करत असे? नवा कोट थोडाच शिवत असे. कडेला गोट लावायचा, पुढे पट्टी मारायची, बटणं बदलायची, की तोच कोट लग्नात मिरवायला तयार. मग दाराला गोट लावला तर?

झालं. केरोबा खोकी डोक्यावर घेऊन पळतच घरी आला.

“अगं, दारं काढायची,” तो दारातूनच म्हणाला.

“काढायची? आणि मग?” चिमाबाई म्हणाली.

“मग शिवायची,” केरोबा म्हणाला.

शिवरामच्या मदतीने त्याने दोन्ही दारं बिजागऱ्यांवरून उतरवली आणि परसात आडवी टाकली. शिंप्याला आडव्या कापडावर काम करायची सवय. त्याने टेप लावला, खडूने खुणा केल्या. खोक्यांच्या फळ्यांच्या दोन-दोन बोटं रुंद पट्ट्या कापल्या. एकेका दारावर सहा-सहा चौकटी बसतील अशा त्या मांडल्या. आधी खळीने नुसत्या चिकटवल्या, कारण कच्चा टाका घातल्याशिवाय पक्का टाका घालायचा नाही हा त्याचा नेम. लांब जाऊन एक डोळा मिटून बघितलं. एक पट्टी केसभर वाकडी होती, ती उचलून पुन्हा लावली. मग बारीक खिळे ठोकले. सपाट दार पाहता पाहता घडीव दिसायला लागलं. केरोबा आनंदाने दाराभोवती फेऱ्या मारू लागला.

पुढचे दिवस तो जेवायलाही धड बसला नाही. गेरू जवसाच्या तेलात घोटला आणि तांबडा रंग केला. काजळीचा काळा केला. चोळीच्या बाहीवर काढायची वेलबुट्टी त्याने कागदावर कापली, कागद दारावर ठेवला आणि कापडाच्या बोळ्याने चौकटीचौकटीत काळी वेल उठवली. सरदारांच्या शिपायांचे जुने कोट उसवायला आले होते, तेव्हा पितळी बटणं त्याला बक्षीस मिळाली होती. चिंचेने घासून ती त्याने चौकटींच्या कोपऱ्यांवर बसवली. उन्हात ती अशी लखलखली की शेजारच्या कोंबड्या बिचकल्या. गल्लीतली माणसं बघायला येऊ लागली. जो येई तो म्हणे, “केरोबा, हे खोक्याचं आहे हे सांगूनसुद्धा खरं वाटत नाही.” केरोबाची छाती वीतभर फुगे.

चिमाबाई एकदा ताक घेऊन आली. तिने दार कडेने उचलून खालची बाजू पाहिली. तिथे त्याच जुन्या फळ्या आणि तेच हातांचे डाग.

“या अंगाला काही नाही?” तिने विचारलं.

“ती उलट बाजू. ती आत जाणार. आत कोण बघतंय?”

“आत मी असते की,” चिमाबाई म्हणाली.

“तू घरचीच,” केरोबा म्हणाला आणि त्याने ताकाचा पेला तोंडाला लावला. चिमाबाईने दार होतं तसं खाली ठेवलं. रंगही संपत आला होता, हे तिलाही दिसत होतं.

म्हादू सुतारही येऊन गेला. काम बघून तो ‘वा’ म्हणाला, कारण चांगल्याला चांगलं म्हणायची त्याला सवय होती. मग तो हसून म्हणाला, “केरोबा, काम झकास आहे. पण दाराला कसली आलीय उलट आणि सुलट?”

“अंगरख्याच्या आतून कुणी कशिदा काढतं का?” केरोबाने उलट विचारलं.

“अंगरखा दिवसातून पन्नास वेळा उघडमीट करत नाही,” म्हादू म्हणाला. पण केरोबाचं लक्ष बटणांकडे होतं. ऐकायचं असतं त्यालाच ऐकू येतं.

रविवारी संध्याकाळी दारं पुन्हा बसवली. रंग अजून ओला, म्हणून ती लावूनच ठेवली. सगळ्यांना ताकीद मिळाली की सकाळपर्यंत कुणी दाराला हात लावायचा नाही. घरच्यांनी ओसरीवर बसून चुरमुरे खाल्ले आणि बंद दारांकडे टक लावून बघत राहिले. माजघर एखाद्या सरदाराचं वाटत होतं. शिवराम म्हणाला, “आबा, आत्या आता नाही म्हणूच शकत नाहीत.” केरोबालाही तसंच वाटलं.

सोमवारी तो पहाटेच नदीवर अंघोळीला गेला, तिथून देवळात, तिथून पाहुण्यांना सामोरा वेशीपर्यंत. घरात पाऊल टाकलं ते पाहुण्यांना घेऊनच. नारोशेट भारदस्त, डोक्याला लाल पगडी. राहीआत्या बारक्या, पण नजर अशी की सुईच्या नेढ्यातून आरपार जाईल. केरोबाने त्यांना माजघरात बैठकीवर बसवलं, दारांच्या अगदी समोर. मग तो बाजूला सरकला आणि ‘कसं काय’ अशा ऐटीत त्याने हात दारांकडे केला.

दारं नव्हती. म्हणजे दारांच्या जागी दोन काळोखी भोकं होती. चिमाबाईने पहाटे चुलीसाठी आणि पिठासाठी दोन्ही दारं उघडली होती. ती आतल्या अंगाला उघडत, आणि उघडली की पार मागे जाऊन आतल्या भिंतीला टेकत. तांबडा रंग, वेल, बटणं, सगळं आत गेलं होतं. सहा दिवसांची मेहनत गेली कुठे, हे बघायला केरोबा नुसता डोळे फाडून उभा राहिला. अंगरख्याची सुलट बाजू जन्मभर बाहेर राहते. दार उघडलं की त्याची सुलट बाजू आत जाते, हे त्या बिचाऱ्याच्या आजवर ध्यानातच आलं नव्हतं.

पण हार मानेल तो केरोबा कसला. तो चटकन पुढे झाला आणि त्याने स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. बटणं चमकली. नारोशेटांच्या भुवया वर गेल्या.

तेवढ्यात चिमाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने आतून दार उघडलं. ती परत आत जाताच केरोबाने ते पुन्हा लावलं. ती गूळ घेऊन आली. दार उघडलं. ती आत जाताच केरोबाने ते पुन्हा लावलं, आणि या वेळी कडी धरून बाजूला उभाच राहिला, म्हणजे वेल दिसत राहील.

आता त्या मुलखाची रीत अशी होती की पाहुणे माजघरात बसलेले असताना स्वयंपाकघराचं दार कधी लावायचं नाही. फोडणीचा वास पाहुण्यांपर्यंत पोचला पाहिजे. दार लावलं म्हणजे तुमचं पान मांडलेलं नाही, आता उठा. केरोबा हे जाणत नव्हता असं नाही. पण दारांच्या नादात तो रीत पार विसरला होता.

नारोशेटांचा चेहरा पगडीसारखा लाल झाला. ते गुडघ्यावर हात ठेवून उठले. “अक्का, चला,” ते म्हणाले. “तीनदा दार लावलं. चौथ्यांदा लावायची वाट बघायला नको.”

शिवराम दचकून उठला. केरोबाच्या तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. तो हात जोडून म्हणाला, “शेट, तसं नाही हो. दार बघावं म्हणून लावलं. तुमच्यासाठीच केलंय. घाम गाळलाय.”

राहीआत्या जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांनी दार खालपासून वरपर्यंत पाहिलं. “छान आहे,” त्या म्हणाल्या. “बघितलं. आता उघडा.”

केरोबा जागचा हलेना. आतल्या भिंतींना चुना पुरला नव्हता. त्या धुराने काळ्या झाल्या होत्या. भांड्यांना पोचे होते. सगळी शोभा त्याने दारावर ओतली होती ती आतलं झाकायलाच. “आत बघण्यासारखं काही नाही, आत्याबाई,” तो पुटपुटला.

“माझी पोर दारात नांदायची नाही, केरोबा,” आत्या म्हणाल्या. “आत नांदायची आहे.” त्यांनी त्याला हाताने बाजूला केलं, दार ढकललं आणि त्या सरळ आत गेल्या.

चिमाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने लगबगीने पाट सरकवला. आत्या तिच्या शेजारी चुलीकडे तोंड करून बसल्या. आधी त्यांनी रांजणाचं झाकण उचलून पाहिलं. रांजण भरलेला होता. मग त्यांनी मान वर केली. चुलीच्या अगदी समोर, भिंतीला टेकून ते दार उभं होतं. काळ्या भिंतीवर तांबडंलाल. जाळाचा उजेड बटणांवर नाचत होता आणि वेल जणू हलत होती.

आत्या बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी हाक मारली, “नारो, इकडे ये. तुझा राग बाहेर ठेव आणि आत ये.”

नारोशेट उंबऱ्याशी आले. त्यांच्यामागे केरोबा, त्याच्यामागे शिवराम.

“बघ,” आत्या म्हणाल्या. “मी चाळीस वर्षं चुलीपुढे बसले. माझ्यापुढे काय होतं? भिंत. आणि या माणसाने दाराची चांगली बाजू कुणासाठी काढली बघ. दार दिवसभर उघडं, म्हणजे ही शोभा दिवसभर हिच्यापुढे. मघाशी आपल्याला दाखवायला दार लावत होता, ती हौस झाली. पण करताना विचार बायकोचा केला. असा पुरुष मी पाहिला नाही. पोर इथे दिली म्हणून समज.”

नारोशेटांनी नेहमीप्रमाणे मान डोलावली. केरोबाच्या मनात आलं, जिंकलं. आता काही करायचं नव्हतं. नुसतं खाली बघून थोडं लाजायचं होतं, की सून घरात आली.

त्याने खाली बघितलंही. पण खाली चिमाबाई बसलेली. ती त्याच्याकडे बघत नव्हती, भाकरी उलटत होती. आणि केरोबाला एकाएकी फार लाज वाटली. खोक्याच्या लाकडाला घडीव म्हणून मिरवण्यात त्याला काही वाटलं नव्हतं, कारण ते खोक्याचं आहे हे त्याने गल्लीत सगळ्यांना सांगितलं होतं. पण हे श्रेय त्याचं नव्हतं. ते घेऊन या बाईच्या समोर जन्मभर रोज जेवायला बसायचं होतं.

“आत्याबाई,” तो म्हणाला, “तुम्ही समजता तसं नाही. ही बाजू मी तुमच्यासाठी केली होती. बाहेरून दिसावी म्हणून. हिने विचारलंसुद्धा, आतून काही नाही का. मी म्हणालो, आत कोण बघतंय. दार उघडलं की बाजू फिरते, हे मला आज कळलं. हिच्यापुढे ही शोभा आली ती माझ्या अडाणीपणाने आली. यात माझं काही नाही.”

तव्यावरची भाकरी फुगली आणि तशीच राहिली. नारोशेट खाकरले. शिवरामने डोळे मिटून घेतले. बापाचा त्याला राग आला, आणि त्याच वेळी अभिमानही वाटला, आणि कुठलं जास्त ते त्याला कळेना.

राहीआत्यांनी चिमाबाईकडे पाहिलं. “तुम्हाला हे ठाऊक होतं?”

“व्हय,” चिमाबाई म्हणाली. “पहाटे दार लोटलं आणि हे आपलं माझ्यापुढे येऊन उभं राहिलं. म्हटलं, अगं बाई. बघतच बसले. तीन भाकऱ्या करपल्या.”

“मग यांना सांगितलं का नाही?”

चिमाबाईने पदर सावरला. “सांगितलं असतं तर यांनी दार माजघराकडे उघडेल असं उलटं बसवून सुलट बाजू बाहेर काढली असती. म्हटलं, राहू दे दोन दिवस माझ्यापुढे.”

आत्यांच्या ओठाचा कोपरा हलला. मग त्या हसायला लागल्या, आणि अशा हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. चिमाबाई हसली. नारोशेटांनाही पगडी सांभाळत हसावं लागलं. एकटा केरोबा अपराध्यासारखा उंबऱ्यात उभा होता.

हसू ओसरल्यावर आत्या उठल्या. “केरोबा,” त्या म्हणाल्या, “मघाशी मी पोर दिली म्हणाले, ते शब्द मी परत घेते.”

शिवरामने डोळे उघडले. केरोबाने मान खाली घातली. खरं बोलायची किंमत पडते हे त्याने ऐकलं होतं, आज मोजायची वेळ आली होती. तो एवढंच म्हणाला, “तुमचा हक्क आहे, आत्याबाई. पण जेवल्याशिवाय जाऊ नका. पान मांडलेलं आहे.”

“जेवणारच आहे,” आत्या म्हणाल्या. “आणि माझं अजून बोलून झालं नाही. मघाशी मी पोर दिली ती दाराला दिली होती. ते चुकलं. दार काय, कुणीही रंगवतं. आता देते ती या घराला देते.”

त्यांनी तव्यावरची भाकरी स्वतःच्या हाताने उतरवली.

तात्पर्य: दाराची शोभा दार लावल्यावर दिसते, घराची दार उघडल्यावर. जो आपल्या मनाचं दार उघडून चूक दाखवतो, त्याच्या घरी सुख आपल्या पायांनी येतं.